टोपलीतलं पोर कुणाचं?

आमच्या गावचं हौशी नाट्यमंडळ २०२३च्या दिवाळीआधी मोडायच्या बेतात आलं होतं. कारण होतं एक इंग्रजी चित्रपट. गावातल्या निम्म्या लोकांना आजही ही गोष्ट खरी वाटत नाही. मी त्या मंडळाची प्रॉम्प्टर आहे आणि इथल्याच शाळेत शिकवते. सगळं माझ्यासमोर घडलं, म्हणून सविस्तर लिहून ठेवते आहे. माणसांची नावं देत नाही, कारण सगळ्यांना इथंच राहायचं आहे.

गाव वडसा-ब्रह्मपुरी पट्ट्यात, वैनगंगेच्या अलीकडे. हा धानाचा मुलूख. दिवाळी झाली की मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात आणि मंडईच्या रात्री नाटक लागतं. झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या या मुलखाची, नाटकं रात्री दहाच्या आसपास सुरू होतात आणि उजाडेपर्यंत चालतात. वडशात नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत आणि होळीपर्यंत त्यांना श्वास घ्यायला सवड नसते. २०२३ सालीच झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या मास्तरांनी स्वतःच्या पैशाने पेढे वाटले होते. आमचं मंडळ व्यावसायिक नाही. वर्षाला एकच नाटक. पण तिकीट असतं आणि मंडप भरतो. मंडप भरला नाही तर वर्गणीदारांना तोंड दाखवायला जागा उरत नाही.

मास्तर म्हणजे आमचे दिग्दर्शक. वय सत्तरीच्या पुढे. तरुणपणी दंडारीत, म्हणजे इथल्या लोकनाट्यात, सोंगं घेतली, पुढे नाटकं बसवली.

त्या वर्षी मंडळातल्या तीन पोरांनी मागणी केली की कौटुंबिक नाटक पुरे झालं, यंदा काही वेगळं करू. दोन टोळ्या, दोन मुलखांच्या मधोमध एक दार, जादू, युद्ध, आणि शत्रूकडेही एक चांगला बाप. तिघेही माझे जुने विद्यार्थी. एक पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे आणि घरून काम करायच्या सवलतीमुळे दिवाळीच्या महिनाभर आधीच गावी येतो. दुसरा तालुक्याला सेतू केंद्र चालवतो. तिसरा इंजिनिअरिंग अर्धवट सोडून बापाच्या धानाच्या बांध्या बघतो. मंडळातला सगळ्यात चांगला नट तोच. नागपूरच्या एकाच वसतिगृहात तिघे राहिले होते. डोक्यातलं नाटक मास्तरांना तोंडी सांगून कळणार नाही, म्हणून त्यांनी एक चित्रपट दाखवायचं ठरवलं. तो चित्रपट म्हणजे ‘वॉरक्राफ्ट’.

पहिली रात्र

सेतूवाल्याच्या घरी सपरीत टीव्ही बाहेर काढला. आम्ही दहा-अकरा जण होतो. हिंदी डबिंग लावलं, म्हणजे मास्तरांना आणि ऑर्गनवाल्या काकांना अडचण नको. मास्तरांची पुतणीही आली होती. ती नागपूरला पत्रकारिता शिकते आणि कॉलेजच्या अंकात चित्रपटांवर लिहिते.

चित्रपट दोन तास तीन मिनिटांचा. मी टीव्हीपेक्षा माणसांकडे जास्त पाहत होते. विंगेत बसून बसून लागलेली ही खोड आहे. तरुण जादूगार एका पहारेकऱ्याचं मेंढरू करून टाकतो तिथे तिघे ओरडले. एका ओढ्याकाठी माशासारखा एक प्राणी क्षणभर दिसतो आणि गळ्यातून गुळगुळ आवाज काढतो, तिथे ते एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागले. बाकीचे आम्ही त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. शेवटी शेवटी एक आई आपलं हिरव्या कातडीचं तान्हं पोर टोपलीत घालून नदीत सोडते आणि स्वतः मारली जाते. तिथे मात्र मास्तर पुढे सरकून बसले. ते पुटपुटले, “हा तं कर्न हाये.” पोरांच्या डोळ्यांत पाणी होतं. पुतणी मोबाइलवर टिपणं घेत होती.

चित्रपट संपल्यावर चहा आला, पण कुणाचा पिऊन झाला नाही.

मास्तर म्हणाले, “बेस हाये. पन मले काई सांगितलंच नाई त्यानं. कोन कोनाचा राजा, तो बुरूजातला मोठा जादूगार कायले बिघडला, त्या पोराले कोनी धाडलं?”

शेतकरी पोरगा म्हणाला, “मास्तर, तुमाले समजलं नाई म्हनून सिनेमा खराब होते का जी?”

“समजवाचं काम कोनाचं हाये गा? माजं का त्याचं?”

इथवर ठीक होतं. नाटकवाल्यांत असं बोलणं रोजचं. पण पुतणीने मोबाइल वर केला आणि वाचून दाखवलं की जगभरच्या शंभर परीक्षणांतली तीससुद्धा या चित्रपटाच्या बाजूने नाहीत. पुण्याच्या पोराने लगेच उलटं सांगितलं: साध्या प्रेक्षकांतल्या चौघांपैकी तिघांना तो आवडला, जगभरात त्याने ४० कोटी डॉलरच्या वर धंदा केला आणि एकट्या चीनमध्ये त्याचा निम्मा. ती म्हणाली, भक्तांची मतं मोजत नसतात. तो म्हणाला, समीक्षकांना दुसऱ्याच्या आनंदाचा त्रास होतो. मग आवाज चढले. “तुम्ही आम्हाला अडाणी समजता,” हे वाक्य त्या रात्री दोन्ही बाजूंनी एकमेकांना ऐकवलं, आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

दुसऱ्या दिवशी तिघे मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पडले. त्यांतला एक आमचा नायक आणि एक प्रकाशयोजना सांभाळणारा. तालीम थांबली.

मी खरं सांगते, त्या वेळी माझं मन मास्तरांकडे झुकलं होतं. पोरांचं प्रेम आंधळं आहे असंच मला वाटलं. पण मंडळ वाचवायचं म्हणून मी या चित्रपटाची माहिती काढायला बसले आणि माझं मत तिथून हलायला लागलं.

खेळाचा चित्रपट होईपर्यंत

वॉरक्राफ्ट हा मूळ संगणकावरचा खेळ, ब्लिझार्ड या अमेरिकी कंपनीचा. पहिला भाग १९९४ सालचा. माणसं आणि ऑर्क नावाचे धिप्पाड, सुळे असलेले योद्धे यांच्यातलं युद्ध, एवढीच तेव्हा कथा. दुसरा भाग १९९५ला आला, तिसरा २००२ला. २००४ साली ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला. तो इंटरनेटवर हजारो लोकांनी एकाच जगात मिळून खेळायचा. २०१०मध्ये त्याचे वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर गेले होते.

आमच्या पोरांनी हा शेवटचा खेळ कधी खेळला नाही. त्याला दरमहा पैसे भरावे लागत आणि नेट चांगलं लागे. त्यांचा खेळ तिसरा. वसतिगृहात संगणक तारेने एकमेकांना जोडून रात्रभर खेळायचा तो. त्याच तिसऱ्या भागाच्या नकाशावर हौशी लोकांनी ‘डोटा’ हा खेळ रचला आणि देशभरच्या इंजिनिअरिंग वसतिगृहांना त्याने वेड लावलं. मेंढरू करणारी जादू आणि गुळगुळ करणारा मर्लॉक ही त्या रात्रींची ओळखीची माणसं, म्हणून ते ओरडले. मला हे कळलं तेव्हा त्या थापांचा अर्थ लागला.

आता टोपली. तिसऱ्या भागात ऑर्कांचा नेता असतो थ्रॉल. खेळ सुरू होतो तोच त्याच्या स्वप्नाने. एक अनोळखी द्रष्टा त्याला सांगतो, तुझी माणसं घेऊन समुद्रापलीकडे जा. तो द्रष्टा म्हणजे मेदिव, चित्रपटातला तोच बुरूजातला बिघडलेला जादूगार. आणि नदीत सोडलेलं ते पोर मोठं होऊन थ्रॉल होणार असतं. चित्रपटाची कथा पहिल्या खेळातली, म्हणजे पोरांना माहीत असलेल्या कथेच्या कितीतरी आधीची. टोपली पाण्यावर हलली तेव्हा त्यांना पुढची सगळी वर्षं दिसत होती. आम्हाला दिसली टोपली.

या चित्रपटाची घोषणा झाली २००६ला. मधे दिग्दर्शक म्हणून सॅम रेमी यांचं नाव होतं. २०१३मध्ये काम डंकन जोन्स यांच्याकडे आलं. ते स्वतः हा खेळ खेळणारे. जून २०१६मध्ये चित्रपट लागला तेव्हा घोषणेला दहा वर्षं झाली होती. खर्च सुमारे १६ कोटी डॉलर. ऑर्कांची कामं खऱ्या नटांनी केली. त्यांच्या अंगाच्या आणि चेहऱ्याच्या हालचाली टिपून त्यावर संगणकाने ती शरीरं चढवली. ड्युरोटान हा ऑर्क टोळीप्रमुख करणाऱ्या टोबी केबेल यांचं काम पाहून आमच्या मास्तरांनी पहिल्याच रात्री विचारलं होतं, “मुखवट्यात माणूस हाये ना?” सोंगं घेतलेला माणूसच हे विचारू शकतो.

आकड्यांचं भांडण

दोन्ही बाजूंनी आकडे फेकले होते, म्हणून ते नीट पाहणं भाग होतं.

पुतणीने सांगितलेला आकडा रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळाचा. तिथे प्रत्येक परीक्षणाला ‘बरं’ किंवा ‘वाईट’ एवढाच शिक्का असतो, आणि टक्केवारी म्हणजे ‘बरं’ शिक्क्यांची संख्या. २९ टक्के म्हणजे शंभरात २९ गुण नव्हेत. दहापैकी साडेचार गुण देणारा आणि शून्य देणारा दोघेही तिथे एकाच डब्यात पडतात. पुतणीने वाचताना हा फरक केला नव्हता. मात्र गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवरही चित्रपट तिशीच्या आसपासच आहे, त्यामुळे समीक्षकांची नाराजी खरी होती.

पोराचा ‘चौघांपैकी तिघे’ हा आकडाही त्याच संकेतस्थळाचा, पण प्रेक्षकांच्या बाजूचा. २०१६ साली तिथे तिकिटाचा पुरावा न देता कुणीही मत देऊ शकत असे. खरेदीची खात्री केलेली मतं वेगळी दाखवायला २०१९मध्ये सुरुवात झाली. त्यात, खेळाच्या चित्रपटाला पहिल्या आठवड्यात जाणारा बहुतेक आधीपासूनच त्या जगात राहत असतो. आमच्या मंडपात फक्त नटांचे नातेवाईक बसवले तर नाटक दरवर्षी गाजेल.

आणि चीन. जगभरातले सुमारे ४४ कोटी डॉलर, त्यांतले चीनमध्ये २२ कोटींच्या आसपास, अमेरिकेत पाच कोटींपेक्षा कमी. खेळाचे चाहते चीनमध्ये फार मोठ्या संख्येने होते, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण पोराला ठाऊक नव्हतं. चित्रपट बनवणारी लेजंडरी ही कंपनी जानेवारी २०१६मध्ये चीनच्या वांडा समूहाने विकत घेतली होती आणि वांडाची स्वतःची चित्रपटगृहं चीनभर होती. शिवाय तिथल्या तिकिटबारीतला साधारण चौथा हिस्साच परदेशी निर्मात्याच्या हाती पडतो. त्यामुळे २२ कोटी ऐकायला मोठे, पेटीत पडताना लहान. खेळावरून बनलेल्या चित्रपटांत तेव्हा याची कमाई सगळ्यात जास्त ठरली, तरीही दुसरा भाग निघाला नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि पोरांनी त्यांतली पहिलीच सांगितली होती.

ही तफावत एकट्या या चित्रपटाची नाही. २०२३मध्ये आलेल्या सुपर मारिओ या खेळावरच्या चित्रपटालाही समीक्षक अर्धेमुर्धे राजी होते आणि प्रेक्षक जवळजवळ सगळे.

आकडे इतके उलगडून झाल्यावर मला उमगलं की यांतून भांडण मिटणार नाही. किती जणांना आवडलं हे त्यांत होतं. कुणी काय पाहिलं, हे कुठेच नव्हतं.

कागद

म्हणून मी शाळेत करते ते केलं. तिघांना, पुतणीला, मास्तरांना आणि ऑर्गनवाल्या काकांना वेगवेगळं गाठलं आणि प्रत्येकाला एकेक ताव दिला. चित्रपटात काय काय घडलं ते क्रमाने लिहा. आवडलं, नाही आवडलं, एक शब्दही नको. काकांनी तोंडी सांगितलं, मी लिहून घेतलं.

ते सहा कागद अजून माझ्या कपाटात आहेत. या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं तेच.

पुण्याच्या पोराने साडेचार पानं लिहिली. त्यात होतं की मेदिवच्या देहात सार्गेरस नावाचा दैत्य जन्माआधीपासून शिरलेला असतो, आणि गरोना ही अर्धी ऑर्क असलेली स्त्री मंत्राच्या अंमलाखाली राजा लेनला मारते. हे दोन्ही खेळाच्या कथांमध्ये आहे. चित्रपटात आम्हाला सार्गेरसचं नाव कुठेच ऐकू आलं नाही. आणि राजाचं मरण तर चित्रपटाने सरळ बदललं आहे. चहूबाजूंनी घेरला गेल्यावर राजाच गरोनाला सांगतो की मला तू मार, म्हणजे तुझे लोक तुला मान देतील आणि पुढे कधीतरी तू दोन्हीकडे सलोखा करू शकशील. राणीने दिलेल्याच खंजिराने ती त्याला मारते. चित्रपटातल्या सगळ्यात धीट प्रसंगांपैकी हा एक. आणि चित्रपटाच्या बाजूने सगळ्यात मोठ्याने भांडणाऱ्या माणसाने तो पाहिलाच नव्हता. त्याच्या जागी त्याने जुनी आठवण लिहिली होती.

मला हे वाचून धक्का बसला. पण मी प्रॉम्प्टर आहे. नट वाक्य विसरला की मी विंगेतून पुटपुटते, तो बोलतो, आणि घरी जाताना त्याची खात्री असते की वाक्य त्याला आपोआप आठवलं. पोरांच्या डोक्यात असाच एक प्रॉम्प्टर बसला होता. पडदा जिथे गप्प राहिला तिथे त्याने सांगितलं, आणि पोरांना वाटलं पडदाच बोलला.

पुतणीचा कागद दीड पानाचा, भाषा टापटीप. तिने लिहिलं होतं की ऑर्क दुसरं जग जिंकायला येतात. पण चित्रपटात सुरुवातीपासून सांगितलं आहे की त्यांचं जग मरतं आहे, आणि ड्युरोटान बायको-पोराला जगवायला दारातून येतो. पोर दारातून येताना जन्मतं तेव्हा निपचित असतं. गुलदान हा मांत्रिक जवळच्या हरणाचा जीव ओढून पोरात घालतो, आणि तिथून पोराच्या अंगात ती हिरवी जादू येते. हरणाचा हा प्रसंग तिच्या कागदावर नव्हता. मी विचारलं तेव्हा ती मोकळेपणाने बोलली, “मॅडम, मी आदल्या रात्री चार परीक्षणं वाचून आले होते. कुणीच हरणाबद्दल लिहिलं नव्हतं.” म्हणजे तिच्याही विंगेत कुणीतरी बसलं होतं.

मास्तरांच्या कागदावर ऑर्कांची बाजू ओळीने, एकही चूक न करता. हरीण, दार उघडायला जिवंत कैद्यांचे प्राण वापरणं, ड्युरोटानने गुलदानला दिलेलं द्वंद्वाचं आव्हान, गुलदानने त्यात केलेला दगा, सगळं. माणसांच्या बाजूला मात्र: “राजा. त्याचा साळा. पोरगा जादूगार. मोठा जादूगार.” नाव एकाचंही नाही. काकांचंही तसंच.

त्यांच्या या रिकाम्या जागेतच मला चित्रपटाचा दोष सापडला. समीक्षकांनी मांडलेला दोष तोच, फक्त मास्तरांनी तो न वाचता दाखवला. निर्मात्यांनी कथा १९९४च्या खेळापासून, म्हणजे मुळापासून सुरू केली, हे मला योग्य वाटतं. पण मग त्यांना चाहत्याला ओळखू येईल असं सगळंच दाखवायचं होतं: तरंगतं दालारान शहर, काराझानचा बुरूज, गरुडाच्या डोक्याचं उडतं जनावर, ती सराई, तो मर्लॉक. दोन तासांतला वेळ ओळखी पटवण्यात गेला आणि ज्यांची ओळख करून द्यायची होती ती माणसं तशीच राहिली. ऑर्क वाचले, कारण त्यांच्याकडे मरता मुलूख, बायको आणि पोर होतं. ते समजायला आधी काही खेळलेलं असावं लागत नाही.

कर्णाचा मुद्दा

कागद घेऊन मी सगळ्यांना पुन्हा एकत्र बसवलं, मास्तरांच्या अंगणात. मी कुणाचा कागद कुणाला दाखवला नाही. आपापला परत दिला आणि काय राहिलं, काय जास्तीचं आलं ते ज्याचं त्याला सांगितलं.

शेतकरी पोराने मग जो मुद्दा काढला त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो म्हणाला, “मास्तर, टोपली पाहून तुमी कर्न म्हनले. सिनेम्यानं सांगितलं होतं का तुमाले कर्न? आपल्या दंडारीत कर्न येते तवा कुंतीचं लग्न, सूर्याचा मंत्र, कोनी सांगते का पहिले? लोकाईले ठाऊक असते म्हनून आपन सांगत नाई. मंग आमाले ठाऊक असलं तं आमी अडानी कसे?”

अंगणात बराच वेळ कुणी बोललं नाही. त्याचं बरोबर होतं. आमची अख्खी रंगभूमी लोकांच्या आठवणीवर उभी आहे. रावण आला की मंडपातलं पोरसुद्धा सांगतं, आता काय होणार. आठवण घेऊन बघायला येणं हा गुन्हा असेल तर झाडीपट्टीत एकही प्रेक्षक निर्दोष नाही.

मास्तरांनी तंबाखू मळून तशीच हातात धरली. मग म्हणाले, “बराबर बोल्ला. पन कर्न आख्ख्या गावाचा हाये. तुमचा तो पोरगा तुमा तिघाचा. तिकीट तिघाकडूनच घेतलं असतं तं मी काई बोल्लो नसतो.”

माझ्या मते सगळा वाद या दोन बोलण्यांत आहे. आठवणीवर उभं राहणं हा दोष नाही. पण ती आठवण किती जणांकडे आहे हे न मोजता सगळ्यांना तिकीट विकणं हा दोष आहे, आणि तो पाहणाऱ्यांचा नाही, करणाऱ्यांचा. ज्यांच्याकडे ती आठवण होती त्यांनी चित्रपट डोक्यावर घेतला. ज्यांच्याकडे नव्हती त्यांना चित्रपटाने दारातच उभं ठेवलं. समीक्षक दारात उभे राहून लिहीत होते. त्यांनी पाहिलं ते खरं लिहिलं. पण आत बसलेले नाटक करत आहेत असंही त्यांतल्या काहींनी धरून चाललं, आणि पुतणीचा ‘भक्त’ हा शब्द तिथूनच आला. तिने तो त्या दिवशी सगळ्यांसमोर मागे घेतला. तिला ते सोपं गेलं नाही, आणि म्हणून मला तिचं कौतुक आहे.

दुसरी रात्र

मास्तरांनीच सुचवलं की पुन्हा पाहू, पण या वेळी आधी एकाने उभं राहून सांगायचं. अट एकच: चित्रपट संपल्यावर पुढे काय होतं ते सांगायचं नाही. “पुढचं सांगशीन तं तुजाच सिनेमा दिसन, त्याचा नाई.”

शेतकरी पोरगा उभा राहिला. सारवलेल्या जमिनीवर खडूने दोन वर्तुळं काढली, मधे दार. हे मरतं जग, हे हिरवं जग. मेदिव कोण, त्याला रक्षक का म्हणतात, एकट्या माणसावर सगळ्या मुलखाची राखण टाकली की तो आतून कसा पोखरतो. हे त्याने असं सांगितलं की काकांनी ऑर्गन नसताना बोटांनी मांडीवर ठेका धरला. पंधरा मिनिटांत संपवलं. मग टीव्ही लावला.

मेदिव मरताना आपली उरलेली ताकद लावून दार फिरवतो, ऑर्कांच्या जगाऐवजी ते राजाच्या शहराकडे उघडतं आणि कैदी सुटतात. पहिल्या रात्री हा प्रसंग मास्तरांच्या डोळ्यांसमोरून नुसता निघून गेला होता. या वेळी ते म्हणाले, “फेडलं बाप्पा त्यानं.” म्हणजे पंधरा मिनिटांच्या सांगण्याने एक अख्खं पात्र उभं राहिलं. ही पंधरा मिनिटं चित्रपटाने स्वतः का काढली नसतील, हा प्रश्न मला आजही पडतो.

पण सगळं बदललं असं झालं नाही. राजाच्या मरणाचं मास्तरांना दुसऱ्या वेळीही दुःख झालं नाही. ड्युरोटानच्या मरणाचं दोन्ही वेळा झालं. शेवटाबद्दलही ते हलले नाहीत. तिसरा अंक पुढच्या वर्षी दाखवू म्हणून मंडप सोडता येत नाही, असं त्यांचं मत. मला ते पटतं.

पुण्याच्या पोराचं काय झालं ते सांगितल्याशिवाय हे लिहिणं पुरं होणार नाही. तो आपला कागद मांडीवर ठेवून पाहत होता. राजा गरोनाला मारायला सांगतो तिथे त्याने चित्रपट थांबवायला लावला, मागे नेला, पुन्हा पाहिला. नंतर कुणाशी बोलला नाही. मला घरापर्यंत सोडायला आला तेव्हा वाटेत म्हणाला, “मॅडम, मी हा २०१६ला नागपूरला थेटरात पाहिला होता. आम्ही हॉस्टेलचे सगळे होतो. मग मी सात वर्षं काय लक्षात ठेवलं?” त्या मित्रांतला एक कोविडमध्ये गेला, हे मला ठाऊक होतं. मी त्याला म्हटलं, तू जे लक्षात ठेवलं ते खोटं नाही, फक्त ते त्या चित्रपटातलं नाही. याहून बरं काही मला सुचलं नाही. त्याच्या प्रेमाला आंधळं म्हटल्याचं मला त्या वाटेवर फार वाईट वाटलं.

मग काय ठरलं

नाटक नवंच लिहायचं ठरलं, चित्रपटाची कथा उचलायची नाही. नदीच्या दोन काठांवरची दोन गावं, एकीकडे दुष्काळ, मधे एकच डोंगा, म्हणजे होडी. लिहायचं काम शेतकरी पोराकडे. पुतणी नागपूरहून फोनवर प्रत्येक प्रवेश ऐकते आणि कुठे कळलं नाही ते सांगते. चित्रपटाला तिने दहात चार दिले होते, आता साडेचार देते, आणि त्यावर अर्धा गुणही वाढवायला तयार नाही. पुण्याचा पोरगा तिला त्याबद्दल काही म्हणत नाही. तिघेही ग्रुपमध्ये परतले.

पहिल्या अंकाची वही मास्तरांकडे गेली तेव्हा त्यांनी समासात एकाच ठिकाणी लिहिलं: “हे कोन सांगते?” दुसऱ्या खर्ड्यात पोराने एक म्हातारी डोंगावाली घातली, जी दोन्ही काठांच्या माणसांना नावाने ओळखते. मास्तरांनी तिच्या चार वाक्यांखाली रेघ ओढली आणि पुन्हा तेच लिहिलं. तिसरा खर्डा आला तेव्हा धान चुरणं सुरू झालं होतं, मशीनच्या आवाजात दिवसा काही ऐकू येत नव्हतं. मास्तरांनी तो रात्री कंदिलाशी वाचला, कारण लाईन गेली होती. त्यावर काही लिहिलं नाही. सकाळी वही माझ्याकडे पाठवली आणि निरोप दिला की बाईंना म्हणावं, आठ वाजता तालमीला या.